काम प्रगतिपथावर

सकाळी साडेसहाला आमच्या प्रभागात दूध येतं, पेपर येतो आणि भाऊंचा मेसेज येतो. पाणी येईलच असं नाही. पण ते का येणार नाही, हे मेसेजमध्ये असतं. ‘तातडीच्या दुरुस्तीमुळे पाणी कमी दाबाने येईल. जपून वापरावे. आपलाच, भाऊ.’ खाली हात जोडलेले भाऊ. वर पक्षाचे नेते, ज्याच्या त्याच्या पदाच्या मापाने लहानमोठे. नळ कोरडा असला तरी फोटोतलं हसू भरपूर दाबाने येत असतं.

पुण्यात कुठेही घर घ्या, असे एक भाऊ मिळतातच. गळ्यात जाडशी साखळी, अंगात पांढरा कडक सदरा, मागे चार पोरं. त्यातलं एक फक्त फोटोंसाठी. भाऊ रस्त्याकडे बोट दाखवतात, तेव्हा खड्डा कुठे आहे यापेक्षा उजेड कुठून येतोय हे त्या पोराला जास्त कळतं.

माणसाला सोळा संस्कार, तसे भाऊंच्या राज्यात चेंबरच्या झाकणाला पाच: पाहणी, पाठपुरावा, भूमिपूजन, काम प्रगतिपथावर आणि लोकार्पण. प्रत्येकाचा मेसेज वेगळा, फोटो वेगळे, नारळ वेगळा. झाकण बसतं दहा मिनिटांत, पण त्याचं चरित्र महिनाभर चालतं. पाठपुरावा हा त्यातला सगळ्यात लांबणारा संस्कार. त्यात भाऊ साहेबांना निवेदन देतात. निवेदनाचा कागद दोघांनीही धरलेला असतो आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघत असतात. कागदाकडे कोण बघतं, हे अजून कळलेलं नाही.

२०१७ साली पुण्यात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. ४१ प्रभाग, १६२ नगरसेवक. तेव्हापासून भाऊंना एकट्याने नारळ फोडता येईना. एकाच गल्लीच्या काँक्रिटीकरणाचा शुभारंभ सोमवारी भाऊंनी केला, तर मंगळवारी ताईंनी आणि बुधवारी अप्पांनी. रस्ता तेवढाच राहिला, पेढे मात्र तीनदा आले. बागेतल्या बाकड्यावर आधी ‘भाऊंच्या प्रयत्नांतून’ असं होतं. मग शेजारी ‘ताईंच्या संकल्पनेतून’ आलं. अप्पांना जागाच उरली नाही, म्हणून त्यांनी आणखी एक बाकडं आणलं. श्रेयाच्या भांडणात म्हाताऱ्यांची बसायची सोय झाली.

भाऊंचा वसंत ऋतू फेब्रुवारीत सुरू होतो. नगरसेवकांचा ‘स’ यादीतला निधी मार्चअखेर संपवायचा असतो. मग धडधाकट फुटपाथ उखडले जातात आणि तिथे दुसऱ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक बसतात. जुन्यांना काय झालं होतं, असं विचारलं तर भाऊ म्हणतात, ‘‘काका, सुशोभीकरण आहे.’’ या शब्दापुढे काकांचंच काय, कोणाचंच चालत नाही.

उरलेलं वर्ष सणांचं. संक्रांतीला हळदीकुंकू आणि पैठणीचे खेळ, श्रावणात दहीहंडी, मधल्या वेळात मोतीबिंदूचं शिबिर, ज्येष्ठांसाठी देवदर्शनाची बस. दिवाळीला घरोघर उटण्याची पुडी. आतलं उटणं एका अंघोळीलाही पुरत नाही, पुडीवरचे भाऊ मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत घरात वावरतात. सोडतीत जागा महिलांसाठी गेली, तरी भाऊ खचत नाहीत. रातोरात फलकावर वहिनी येतात आणि त्यांच्या मागे, दीडपट आकाराचे, मार्गदर्शक भाऊ.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि महापालिकेत प्रशासक आले. मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. एवढ्या काळात भाऊंनी आपल्या नावामागे ‘माजी’ कधी लिहिलं नाही. आधी ‘लोकप्रिय’ लिहिलं, पुढे ‘जनसेवक’, आणि निवडणुकीचा वास आला तसं ‘आपला हक्काचा माणूस’. पद नव्हतं, निधी नव्हता, सकाळचा मेसेज मात्र एक दिवस चुकला नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याच काळात प्रभागाला भाऊंची किंमत कळली. तक्रार ऑनलाइन केली की नंबर मिळायचा. दोन दिवसांनी ‘तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज यायचा आणि ड्रेनेज आपलं वाहतच असायचं. त्या मेसेजवर ओरडणार कसं? भाऊंवर ओरडता येतं. त्यांच्या दारात जाऊन, त्यांचाच चहा पिता पिता ओरडता येतं.

परवा रात्री अकरा वाजता आमच्या वाड्याचं चेंबर तुंबलं. तळमजल्यावरच्या आजींनी थेट भाऊंना फोन लावला. अर्ध्या तासात भाऊ बर्म्युडावर हजर. कुठूनशी जेटिंगची गाडीही आणली. नाकाला रुमाल लावून गाडी जाईपर्यंत उभे राहिले आणि अर्थातच फोटो काढून घेतला. सकाळी साडेसहाला आजी सगळ्या प्रभागाच्या मोबाइलवर होत्या, मागे घाण पाणी, पुढे भाऊ.

शेजारच्या काकांनी टोमणा मारला, ‘‘आजी, आता मत भाऊंनाच ना?’’

आजी म्हणाल्या, ‘‘मत कोणाला द्यायचं ते माझं मी बघीन. फोन मात्र ह्यालाच करणार.’’