नववा प्रकार

१९०९ या क्रमांकावर नोंद केली की कर्जवाले, फ्लॅटवाले, क्लासवाले, सहलवाले अशा आठ प्रकारच्या विक्रेत्यांचे संदेश बंद करता येतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमावलीत खाद्यपेयंही आली, म्हणजे पिझ्झ्यालाही ‘नको’ म्हणायची सोय झाली. नेत्याला म्हणायची नाही. यादीत बँका आहेत, शिक्षण आहे, आरोग्य आहे, मोटारी आहेत. राजकारण तेवढं नाही. कारण उघड आहे. यादी विकणाऱ्यांची, आणि आपले नेते काही विकत नाहीत. निदान एसएमएसवर तरी.

निवडणूक आयोग मात्र कडक आहे. घाऊक एसएमएसचा मजकूर माध्यम प्रमाणन समितीकडून आधी मंजूर करून घ्यायचा, खर्च हिशेबात दाखवायचा, आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास मतदाराला विचार करायला मोकळे सोडायचे. आधीच्या पाच वर्षांत त्याने विचार करावा अशी कुणाची अपेक्षा नाही. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला नाही. त्यामुळे संदेशात पक्ष असतो, चिन्ह असतं, थोर नेते असतात. फक्त उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव घालायचं राहून जातं.

एरवीचं काम ‘शुभेच्छुक’ बघतात. चौकातल्या फ्लेक्सवरून उतरून ही मंडळी आता आपल्या फोनमध्ये राहायला आली आहेत. आषाढीला विठ्ठलाच्या आडून हात जोडतात, दिवाळीला उटण्याचं पाकीट मिळालं का विचारतात, आणि वाढदिवसाला सख्ख्या मेहुण्याच्या आधी यांचा निरोप हजर. हा प्रचार नाही बरं का, जिव्हाळा आहे. आणि जिव्हाळ्याला कुठली समिती प्रमाणपत्र देणार? मतदारयादीत नाव असतं, वय असतं, घर क्रमांक असतो, मोबाइल क्रमांक नसतो. तो यांना कुठून मिळाला, हे विचारणं जिव्हाळ्यात बसत नाही.

सरकारचा जिव्हाळा तर याहून मोठा. १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली, तरी ‘विकसित भारत संपर्क’ नावाच्या खात्यावरून पंतप्रधानांचं पत्र लोकांच्या व्हॉट्सॲपवर येतच राहिलं. अमिरातीतल्या परदेशी नागरिकांनाही ते आल्याच्या बातम्या झाल्या. म्हणजे ज्यांना इथे मतच नाही, त्यांचंही मत विचारात घेणारी ही लोकशाही. २१ मार्चला आयोगाने इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला हे ताबडतोब थांबवायला सांगितलं. मंत्रालयाचं म्हणणं असं, की पत्रं आचारसंहितेआधीच निघाली होती. यंत्रणेची रचना आणि नेटवर्कच्या मर्यादा यांमुळे काही उशिरा पोचली असतील. ओटीपी अर्ध्या मिनिटात येतो. हे पत्र वाटेत लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरलं असावं. अमिरातीपर्यंत जाणाऱ्या नेटवर्कला कसली मर्यादा, हे आम्हा अडाण्यांना कळत नाही, पण खुलासा सुंदर आहे. उद्या एखाद्या उमेदवाराचा एसएमएस मतदानाच्या सकाळी आला, तर त्यानेही खुशाल म्हणावं: पाठवला परवाच होता.

आणि एवढा खटाटोप करून मिळतं काय? २००४ साली अटलबिहारी वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज देशभर फोनवर वाजला. इतका गोड आवाज, तरी सरकार गेलं. तेव्हापासून प्रत्येक पक्षाची खात्री पटली आहे, की फोन कमी पडले.

तेव्हा ‘ट्राय’ला विनंती आहे, यादीत नववा प्रकार घालावा: नेते. पाठवणाऱ्याने आमचा क्रमांक कुठून मिळवला ते संदेशाखाली लिहावं. सरकारी योजनेची माहिती जरूर यावी, पण कुणाच्याही नावाशिवाय आणि फोटोशिवाय. ज्याने ‘नको’ कळवलं, त्याला पुढची निवडणूक होईपर्यंत निरोप नको. पाण्याचं, रस्त्याचं, गटाराचं विचारायला मधल्या काळात आम्हीच फोन करू. तेवढा मात्र उचलावा.