टोचले सोनारानं, काढायचे पंचानं

फुटबॉलच्या मैदानावरचा सर्वांत नावडता माणूस कोण, असं विचारलं तर बहुतेक जण पेनल्टी देणाऱ्या पंचाकडे बोट दाखवतील. पण पेनल्टी एका संघाला नकोशी असली तरी दुसऱ्याला हवीशीच असते, त्यामुळे तो पंच निदान निम्म्या मैदानाचा लाडका असतो. दोन्ही संघ एकदिलानं ज्याच्या नावानं बोटं मोडतात, अंगठ्यांसकट मोडतात, तो म्हणजे दागिने काढायला लावणारा पंच. शिट्टी वाजायच्या आधीच त्यानं बावीस खेळाडू, दोन मॅनेजर, राखीव मंडळी आणि कठड्याला टेकून उभ्या असलेल्या चार-दोन आया यांचा रोष कमावलेला असतो. कोल्हापुरातली तालीम मंडळांची स्पर्धा घ्या, मुंबईतली कॉलेजची घ्या, नाहीतर बारा वर्षांखालच्या पोरांची. असा एखादा पंच तिथे भेटतोच.

सामन्याच्या दिवशी त्याच्या स्वतःच्या अंगावर मनगटी घड्याळाखेरीज काही चमकत नाही. नियमानं पंचांनाही दागिन्यांची बंदी आहे, वेळ मोजायचं घड्याळ तेवढं चालतं. त्यामुळे त्याची लग्नाची अंगठी रविवारी कपाटात असते, आणि त्यावरून घरात काय ऐकून घ्यावं लागतं ते तो मैदानावर सांगत नाही. तपासणी करताना तो खेळाडूच्या तोंडाकडे पाहतच नाही. नजर आधी कानाच्या पाळीवर, मग गळ्यावर, मग मनगटावर. शेवटी ‘हात पुढं, आता पालथे’. मग बुटांचे स्टड, मग नडगीवरचे पॅड. शाळेत नखं तपासणाऱ्या बाईंसमोर पोरं उभी राहायची तसे मिशी फुटलेले बाप्ये त्याच्यासमोर रांगेत उभे असतात, आणि शेवटच्या दोघा-तिघांचे हात पाठीमागे काहीतरी खटपट करत असतात. ती खटपट त्याला न बघता कळते. शब्द मात्र तो एकच वापरतो: ‘काढ.’

आता काढायचं काय काय, याची आपल्याकडची यादी नियम करणाऱ्यांना स्वप्नातही सुचली नसती. इंग्रजी नियमपुस्तकातल्या चौथ्या नियमात गळ्यातली साखळी, अंगठी, कडं, कानातलं, चामड्याचा पट्टा, रबराचा पट्टा वगैरे सगळे दागिने निषिद्ध म्हटले आहेत. त्या ‘वगैरे’मध्ये आपला अख्खा सराफकट्टा आणि निम्मं पूजासाहित्य मावतं. गळ्यात गोफ, कानात भिकबाळी, मनगटात चांदीचं कडं, त्याच्याशेजारी संधिवातासाठी तांब्याचं (वय वर्षे एकवीस), तर्जनीत पुष्कराज, मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी, दंडात गंडा. मुलींच्या सामन्यात नाकातली चमकी आणि कानातले टॉप्स, आणि लग्न झालेली खेळाडू असेल तर मंगळसूत्र. एकेका राशीच्या खेळाडूला मोकळं करायला पाच मिनिटं लागतात. उतरलेला ऐवज मॅनेजरच्या रुमालात गाठ मारून ठेवला जातो. मग तो मॅनेजर सामनाभर खेळाकडे न बघता रुमालाकडे बघतो.

या सगळ्या खटाटोपाला लोक ‘नुसती हौस’ म्हणतात. हा माणूस मुळात कारकुनी वृत्तीचा, शिट्टी मिळाली म्हणून अधिकार गाजवतो, असा त्याच्यावरचा आरोप आहे. त्यात थोडं तथ्य असेलही. नियमावर बोट ठेवून बोलण्याची चटक एकदा लागली की ती फुटबॉलपुरती राहत नाही, सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जाते. पण स्वभाव कसाही असो, त्याचं काम बरोबर आहे आणि त्याच्यावर निघणारा राग भलत्याच माणसाचा आहे, एवढं पुराव्यानिशी दाखवता येतं.

पहिला पुरावा स्वित्झर्लंडचा. डिसेंबर 2004 मध्ये सर्व्हेट संघाचा पाउलो डिओगो शाफहाउझेनविरुद्ध खेळत होता. त्याच्या पासवर गोल झाला. आनंदाच्या भरात तो मैदानाकडेच्या जाळीच्या कुंपणावर चढला, आणि खाली उडी मारताना नुकत्याच झालेल्या लग्नाची अंगठी कुंपणात अडकली. माणूस खाली आला, बोटाचा वरचा भाग वर राहिला. तो शोधून दवाखान्यात नेला, पण परत जोडता आला नाही. पंचानं दरम्यान त्याला पिवळं कार्ड दाखवलं होतं. अंगठीसाठी नव्हे, लांबलेल्या जल्लोषासाठी. ‘माझं बोट, माझी अंगठी, तुमचं काय जातंय’ हा पहिला आक्षेप घेणाऱ्याला आपला पंच ही हकीकत सांगत नाही, कारण सामना नऊला सुरू करायचा असतो. पण अंगठीमुळे होणारी दुखापत साध्या खरचटण्यातली नसते, हे त्याला ठाऊक असतं. अंगठी अडकते, अंगाचा सगळा भार तिच्यावर येतो, आणि हातमोजा ओढून काढावा तशी कातडी सोलून निघते. शिवाय जो झेपावतो त्याच्यापुरतं हे राहत नाही. हेडरला उडी मारताना कोपर, पंजे, कान, गळे एकाच ठिकाणी येतात. तिथे एकाचं कडं दुसऱ्याच्या भुवईवर बसतं आणि एकाच्या गोफात दुसऱ्याचं बोट जातं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी: ‘सर, टेप मारतो की.’ चिकटपट्टीवर आपल्या खेळाडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी पुष्कराजावरही नसेल. एके काळी पंच चालवूनही घेत, कारण वस्तू धोकादायक आहे की नाही हे ज्यानं त्यानं आपापल्या अकलेनं ठरवावं, असा नियमाचा अर्थ लावला जाई. मग प्रत्येक सामन्याआधी कानातल्या खड्याच्या कोनांवर परिसंवाद रंगे. आता नियमात सरळ लिहिलं आहे की दागिना टेपनं झाकणं चालणार नाही. कारणही उघड आहे. टेप दागिना नजरेआड करते, त्याचा टणकपणा घालवत नाही. आणि विसाव्या मिनिटाला घामानं सुटली की आत काय होतं ते सगळ्यांना कळतं. ‘सगळे दागिने’ या दोन शब्दांनी पंचाच्या डोक्यावरचा न्यायनिवाड्याचा भार उतरवला आहे. आता त्याला सोनाराची नजर लागत नाही.

तिसरा आक्षेप ‘निघतच नाही’ हा. ‘सर, न्हाई निघत ओ, लगीन झाल्यापासनं हाताबाहेर आली न्हाई.’ यावर त्याच्या पिशवीत साबणाची वडी आणि खोबरेल तेलाची बाटली असते, आणि अगदीच हट्टी बोटासाठी शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून सरकवायचं, उरलेला दोरा अंगठीच्या पुढे बोटावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा, म्हणजे सुजलेलं बोट आवळलं जातं. मग खालचं टोक धरून उलट उलगडत जायचं. अंगठी एकेका वेढ्यावरून पुढे सरकते. बघणाऱ्यांना गंमत वाटते, अंगठीवाल्याला नाही. पण यातून बाहेर पडणारं सत्य वेगळंच आहे. ज्या रविवारी हा पंच नेमलेला असतो, त्या रविवारी न निघणाऱ्या निम्म्या अंगठ्या घरूनच निघून आलेल्या असतात. संघ मैदानावर आला की पहिला प्रश्न समोर कोणती टीम आहे हा नसतो. ‘आज सर कोण आहेत?’ हा असतो.

चौथा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘देवाचं आहे.’ वारकऱ्याच्या घरातला पोरगा गळ्यातली तुळशीची माळ काढत नाही. अमृतधारी शिखाला हातातलं कडं उतरवणं म्हणजे दागिना उतरवणं नव्हे. फुटबॉलचे नियमकर्ते धर्माच्या बाबतीत अगदीच दगड आहेत असंही नाही. 2013 मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांतात पगडी घालून खेळायला बंदी झाली, त्यावर गदारोळ उठला, बंदी मागे घ्यावी लागली, आणि 2014 मध्ये पगडी आणि डोक्यावरचा रुमाल दोन्हींना जगभर मान्यता मिळाली. अट एवढीच की रंग काळा किंवा शर्टाच्या मुख्य रंगाचा असावा, ते शर्टाला जोडलेलं नसावं आणि कुणाला इजा करणारं नसावं. म्हणजे नियम देव कोणता ते विचारत नाही, वस्तू टणक आहे का आणि कुठे अडकेल का ते विचारतो. कापड त्यात बसलं. कडं आणि माळ बसली नाही. ज्याची श्रद्धा खरोखर तिथे अडते त्याच्यावर हा नियम जाचक आहे, हे मान्य करावंच लागेल, आणि त्याची दाद नियम करणाऱ्यांकडे मागायला हवी. सकाळी पावणेनऊला टचलाइनवर उभ्या असलेल्या पंचाकडे ती दाद मागून उपयोग नाही. त्याच्या खिशात टॉसचं नाणं आणि दोन कार्डं आहेत, पीठासन नाही. शिवाय सोय म्हणून आठवणारी श्रद्धाही कमी नसते. गेल्या महिन्यात मित्रानं वाढदिवसाला दिलेला चामड्याचा पट्टा तपासणीच्या रांगेत अचानक नवसाचा होतो.

मग येतो टीव्हीचा दाखला: मोठे लोक घालतात ते चालतं? चालत नाही, कधीकधी सुटतं. 2022 च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध फ्रान्सचा ज्यूल कुंदे सोन्याची साखळी घालून चाळीसएक मिनिटं खेळला. एवढे अधिकारी, एवढे कॅमेरे, कुणाला दिसली नाही. मग साहाय्यक पंचाला दिसली आणि तिथेच काढायला लावली. या प्रसंगातून लोक ‘चाळीस मिनिटं चाललं’ एवढंच उचलतात. मॅराडोना कानात खडा घालून खेळायचा हेही सांगतात. त्याच्या कानातलं पंचांना जमलं नाही ते पुढे इटलीच्या कर अधिकाऱ्यांनी केलं; थकबाकीपोटी जप्त केलं आणि 2010 मध्ये लिलावात 25 हजार युरोंना विकलं. आपल्या पंचाच्या अंगी ते सामर्थ्य नाही.

त्याच्याविषयीचा गैरसमज असा की तो कार्ड काढायला टपलेला असतो. नियम त्याहून सौम्य आहे. आधी काढायला सांगायचं. नाही जमलं किंवा नाही काढलं, तर खेळ पुढे थांबेल तेव्हा बाहेर जा, काढा, तपासून घ्या, परत या. साफ नकार दिला किंवा आत येऊन पुन्हा घातलं तरच पिवळं कार्ड. इतक्या पायऱ्या देऊनही भांडण होतं, कारण खेळाडूच्या मनात नियम चौथा नसतो, मागचा रविवार असतो. ‘गेल्या मॅचला त्या सरांनी काय म्हटलं न्हाई.’ हे वाक्य खरं असतं, हीच सगळी अडचण. ते ‘सर’ म्हणजे सर्वांचे लाडके, हसतमुख, ‘असू दे रे, टेप लाव’ म्हणणारे. त्यांना चहा मिळतो, त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो निघतात. त्यांनी पाहुण्यासारखी उदारता दाखवायची आणि बिल पुढच्या रविवारी या बापड्यानं भरायचं, असा हा हिशेब आहे. खेळाडूंचा संताप नियमावर असता तर तो सगळ्या पंचांवर सारखा निघाला असता. तो निघतो फक्त नियम पाळणाऱ्यावर.

म्हणून कुठल्याही संघटनेला हा वाद मिटवायचा असेल तर लाडक्या सरांना आधी धरावं, आणि धरायला सुरुवात दहा वर्षांखालच्या सामन्यांपासून करावी; तिथे अंगठ्या अजून बोटांत रुतलेल्या नसतात. आमच्या नायकाचा मात्र अजून समजावून सांगण्यावर विश्वास आहे. शनिवारी रात्री तो दोन्ही संघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकतो: ‘उद्या सर्वांनी दागिने घरी ठेवून यावे, टेप चालणार नाही.’ खाली धडाधड अंगठे उमटतात. मग कुणीतरी विचारतो, ‘सर, चांदीचं चालतंय का?’