सात मिनिटांची कुस्ती

शालेय शास्त्रीय गायन स्पर्धेत परीक्षकांपेक्षा मोठा अधिकार वेळाधिकाऱ्याचा असतो. परीक्षक नंतर गुण देतात. वेळाधिकारी गाणं तिथल्या तिथं बंद पाडतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सभागृहात हे खातं दरवर्षी माझ्याकडं येतं, कारण मला गाण्यातलं कळत नाही. कळणारा माणूस ऐन तानेत घंटा मारायला कचरतो, असा संयोजकांचा अनुभव आहे.

सहाव्या मिनिटाला एक टोला, सातव्याला दोन. यंदा पहिल्याच टोल्याला एक आई टेबलाशी आल्या. "काय ओ, पोरगी आत्ता कुठं द्रुतला आली आणि वाजवलासा? सात मिनटांत काय गाणं हुतंय व्हय?" मी सांगितलं, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. बाई क्षणभर थांबल्या. "त्यांच्या मागं घंटा घेऊन कोण बसलं नव्हतं," म्हणाल्या आणि जागेवर गेल्या.

परदेशात विद्यार्थ्यांची कन्चेर्टो स्पर्धा असते. पोर एकटं व्हायोलिन घेऊन उभं राहतं, साथीला बहुधा एक पियानो. जिंकलं तर बक्षीस काय, तर अख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची संधी. पन्नास-साठ माणसं त्या पोराच्या तालावर! आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे एक तबलजी, एक पेटीवाले आणि पहिल्या रांगेत मांडीवर टाळी-खाली देणारी आई. तिघांची लय वेगळी. पोरानं कुणाचं ऐकायचं? घरी जायचं असतं, म्हणून ते आईचं ऐकतं.

त्यात प्रत्येकाची पट्टी निराळी. एक मुलगी काळी पाचात, पुढचा मुलगा काळी एकात. तबलजी दर वेळी डग्गा तसाच ठेवून दुसरा तबला ओढतात आणि हातोडी चालवतात. ते ठोकणं वेळेत धरायचं की नाही, यावर नियमावली गप्प आहे. पेटीवाले सज्जन, पण त्यांना राहवत नाही. पोराची तान निघायच्या आत ते समेवर जाऊन बसलेले असतात. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. आमच्या पेटीवाल्यांना ऐकून ती उठवली असेल असं वाटत नाही. तंबोरा मोबाइलवर. एका वडिलांच्या मोबाइलवर ऐन आलापीत फोन आला आणि षड्ज-पंचमातून हलगी सुरू झाली. टाळ्या तिथंच सगळ्यांत जास्त पडल्या.

राग म्हणाल तर भूप. सकाळी भूप, दुपारी भूप. पाचच सूर, मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणजे चुकायला जागा कमी, असा पालकांचा हिशोब. जेवणानंतर एका पोरानं भूपात चक्क मध्यम लावला, तेव्हा कुठं परीक्षकांच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

कोल्हापूरकर गाण्याकडं कुस्तीसारखं बघतो, याला मी शाहू महाराजांनाच जबाबदार धरतो. त्यांनी खासबागचं कुस्ती मैदान 1912 साली उभं केलं आणि त्याला चिकटून 1915 साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. शेजार असा म्हटल्यावर वाण नाही पण गुण लागणारच. अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून आणलं तेही महाराजांनीच. तेव्हापासून आम्हाला गाणंसुद्धा निकाली लागतं. यंदा पहिला क्रमांक दोघींत विभागून दिला, तर सभागृहात उभं राहून लोक ओरडले, "बरोबरीत न्हाई सोडायची! परत लावा!" परीक्षकांनी चहा मागवला. त्या दोघी तोवर ढाल कुणाकडं किती महिने ठेवायची हे ठरवून भेळ खायला गेल्या होत्या.

खरी पंचाईत आठव्या गल्लीतल्या एका वडिलांची झाली. पोरगं तेरा वर्षांचं, आवाज फुटण्याच्या वयातलं. वरचा षड्ज लावला की एकदम दोन माणसं गायची. आवाजाच्या वीस गुणांपैकी चार पडले. वडील जिन्यात गाठ पडले, तोंड एवढंसं. धीर द्यावा म्हणून मी खाँसाहेबांची गोष्ट सांगितली: तरुणपणी दरबारात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला, परतला तो पहिल्यासारखा नव्हताच. मग त्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली, आणि त्यातूनच जयपूर-अत्रौली घराणं उभं राहिलं.

"आवाज गेला म्हणून घराणं निघालं?"

"असं म्हणतात."

ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच दारात हजर. आत पाऊल टाकायच्या आधीच विचारलं, "सायेब, नाव नुसतं 'राजारामपुरी घराणं' ठेवायचं, का 'राजारामपुरी आठवी गल्ली'? न्हाई म्हंजे, उद्या नववीवालं आमचंच म्हणून बसायला नकोत."