आणखी अर्धा किलो

आमचे संरक्षणतज्ज्ञ देवळालीचे म्हणून त्यांना तोफखान्याचे समजू नये. ती देवळाली नाशिकची. हे देवळाली प्रवऱ्याचे, चौकातल्या टपरीवरचे. उसाच्या ट्रॉलीचं टायर फुटलं तरी 'के. के. रेंज!' म्हणून लष्कराच्या गोळीबार-मैदानाचं नाव घेतात आणि वर गोळ्याची जात सांगतात.

सध्या त्यांना जवानाच्या खांद्यावर एक हुशार लाँचर हवाय. लेझरनं अंतर मोजायचं, यंत्रानं ते गोळ्याला कळवायचं, मग गोळा भिंतीआड लपलेल्याच्या डोक्यावर हवेतच फुटणार. हे सांगताना त्यांनी हातातली कांद्याची पिशवी नातवाकडे दिली. जड होती म्हणे. दोन किलो.

हा प्रयोग अमेरिकेत १९९० च्या दशकातच सुरू झाला. रायफल आणि २० मि.मी.चा लाँचर एकाच सांगाड्यात, नाव एक्सएम २९. वजन साडेसहा किलोच्या आत ठेवायचं होतं, गेलं आठाच्या वर. कसं गेलं असेल, हे कुठल्याही बैठकीला बसलेल्याला कळेल. एकानं दुर्बीण सुचवली, दुसऱ्यानं संगणक, तिसऱ्यानं त्यासाठी बॅटरी, आणि चौथा बिस्कीट बुडवत म्हणाला, अर्ध्या किलोनं काय होतंय? अर्ध्या किलोनं काय होतं हे ज्याच्या मानेला ठाऊक, त्याला बैठकीचं बोलावणं कधी जातच नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाईला विचारा की! तिला कुणी विचारत नाही, जवानालाही नाही. वजन वाढवणारे सगळे खुर्चीत आणि खुर्चीला चाकं!

शेवटी भाऊबंदकीत होते तशी वाटणी झाली. रायफल वेगळी निघाली, एक्सएम ८. ती २००५ मध्ये गुंडाळली. लाँचर वेगळा, एक्सएम २५. गोळा आता २५ मि.मी.चा आणि वजन पुन्हा सहा किलोंच्या वर. म्हणजे दोघांचं मिळून ठरलेलं ओझं एकट्याच्याच वाट्याला. तो अफगाणिस्तानात जाऊन आला आणि २०१८ मध्ये संपला. तज्ज्ञांना हे सांगितलं, तर म्हणाले, "बॅटरी मोठी हवी होती."

वजन उतरतच नाही असंही नाही. आपल्याकडेही खांद्यावरून डागतात ती ८४ मि.मी.ची कार्ल गुस्ताफ चौदा किलोंवरून दहावर आली, नवी तर सातच्या आत. खांद्याला धक्का बसू नये म्हणून तिचा जाळ मागच्या तोंडानं बाहेर पडतो. मागं कुणी उभं राहायचं नसतं. आमच्या तज्ज्ञांची ठरलेली जागा नेमकी तीच. त्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही.