उजवीकडचा आधी

"तुझ्या गाडीचा हॉर्न कसा वाजतो रे?" मी भाच्याला विचारलं. श्टुटगार्टच्या विमानतळावरून आम्ही त्याच्या घरी निघालो होतो, अर्धं शहर मागे पडलं होतं आणि हॉर्नचा पत्ता नव्हता. तो जरा विचारात पडला. "कधी ऐकला नाही, मामा. पण असेल बहुतेक."

आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधी हॉर्न दाबून बघतो. आवाज बारीक निघाला तर पाच हजार कमी करून मागतो. जर्मनीत गावाच्या हद्दीत हॉर्न वाजवायचा तो समोर धोका दिसला तरच. हद्दीबाहेर ओव्हरटेक करताना पुढच्याला सूचना म्हणून वाजवायला कायद्याची हरकत नाही, पण एवढी मोकळीक असूनही कोणी ती वापरताना दिसलं नाही. आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर जाहीर आमंत्रणच असायचं. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बंदी घातली. आपण त्या लेखी परवानगीवर कधीच अवलंबून नव्हतो, त्यामुळे फरक पडला नाही.

मी बसलो होतो उजवीकडे, म्हणजे पुण्यात जिथे माझ्यासमोर स्टिअरिंग असतं तिथे. इथे समोर नुसता ग्लोव्ह बॉक्स. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता. "मामा, मॅट फाटेल," भाचा म्हणाला.

त्याच्या घराजवळच्या गल्ल्यांत सिग्नल नाहीत, पाट्या नाहीत, पोलीस तर नाहीतच. तिथे एकच नियम चालतो: उजवीकडून येणाऱ्याने आधी जायचं. तुमचा रस्ता रुंद असो, गाडी मोठी असो, तुम्ही कितीही घाईत असा. उजवीकडच्या बोळातून एखादी आजी सायकलवर आली, तरी थांबायचं. आजीही मान वर करून बघत नाहीत. हक्क आहे म्हटल्यावर बघायचं कशाला? पंचाईत होते ती चारही बाजूंनी एकदम गाड्या आल्या की. प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहेच. अशा वेळी कोणीतरी खूण करून आपला हक्क सोडायचा असतो. पंगतीत ताटातली शेवटची जिलबी कोणी उचलायची, तशी तिथे चौघांची हातवारे करत मनधरणी चालली होती. शेवटी पिवळी पोस्टाची गाडी गेली आणि बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, असला नियम आपल्याकडे आणला तर सदाशिव पेठेत दुपारपर्यंत कोणी घरी पोचणार नाही. भाच्याने तिथल्या तिथे मोबाइल काढून (गाडी लावल्यावर, चालवताना फोन हातात घेतला तर दंड आणि वर गुणांची नोंद) मला दाखवलं. आपल्या केंद्र सरकारने १९८९ साली काढलेल्या आणि २०१७ पर्यंत चाललेल्या रस्त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: चौकात मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल, तर उजवीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावं. म्हणजे नियम तोच. मी इतकी वर्षं पुण्यात गाडी चालवतोय, पण हे माझ्या कानावर आलं नव्हतं. आरटीओत परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीही हा विषय काढला नव्हता. त्यांनी मला आठ काढायला लावला आणि घरी पाठवलं.

पुण्याच्या चौकाचा खरा कायदा वेगळा आहे आणि तो कुठेही छापलेला नाही. तो म्हणजे, समोरच्याकडे बघायचं नाही. तुम्ही बघितलंत, आणि बघितलेलं त्याने बघितलं, की संपलं. त्याला कळतं की यांनी आपल्याला पाहिलंय, म्हणजे आता हे थांबणार. तो बिनधास्त पुढे घुसतो. म्हणून मुरलेला पुणेकर चौकात शिरताना नजर लांब कुठेतरी पर्वतीच्या दिशेला ठेवतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला सगळं दिसत असतं, फक्त पाहिल्याचा पुरावा तो मागे ठेवत नाही. मग दोन्ही बाजूंचे न बघणारे एकमेकांजवळ येतात आणि शेवटच्या क्षणी ज्याचं धैर्य आधी सुटतं, तो ब्रेक मारतो. नंतर जे बोलणं होतं, त्यात मात्र दोघं एकमेकांच्या डोळ्यांत रोखून बघतात.

भाच्याची जर्मनीतली परीक्षा नेमकी या न बघण्यावरच अडली. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यावर सहा महिने चालतं; पुढे त्यांची लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखीत एक प्रश्न असा की, रस्त्यावर चेंडू घरंगळत आला, आता काय होईल? गल्लीत वाढलेल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. चेंडूमागून एक पोर येणार, त्याच्यामागून दुसरं, आणि "काका, गाडी जरा मागे घ्या, बॉल खाली गेलाय" म्हणणार. लेखी सुटली. प्रत्यक्षात मात्र शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की, तुझे हातपाय उत्तम आहेत, मान काम करत नाही. लेन बदलताना, वळताना, निघताना आरसे बघून झाल्यावर मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं असतं. परीक्षक मागच्या सीटवर बसून तुमची मानच बघत असतो. ती वळली नाही तर नापास. पुण्यात गाडी चालवताना मान तिरकी होते ती खांद्यात मोबाइल धरायला. महिनाभर घरात आरशासमोर मान वळवायचा सराव करून तो पास झाला. आता स्वयंपाकघरात फ्रीजकडे जातानाही तो खांद्यावरून मागे बघून घेतो.

एका संध्याकाळी अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीने दिवे फ्लॅश केले. मी ओरडलो, "थांब, तो येतोय!" भाचा शांतपणे पुढे गेला आणि समोरच्याला हात केला. तिथे समोरून दिवे मारतात म्हणजे "या, आधी तुम्ही". आपल्याकडे डिपर मारला म्हणजे "मी निघालोय, पुढचं तुझं तू बघ". ऑटोबानवर मागून कोणी दिवे मारले, तर मात्र अर्थ अगदी घरच्यासारखा लागतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला झेब्रा क्रॉसिंगवर. मी नुसता चष्मा पुसायला तिथे उभा होतो. गाडी थांबली. माझ्यासाठी म्हणून थांबली हे कळायलाच वेळ लागला. आतल्या बाई हसून हात करत होत्या. एवढ्या थांबल्यात तर नाही कसं म्हणायचं? ओलांडला रस्ता. पलीकडे माझं काही काम नव्हतं. परत फिरलो तर इकडून दुसरी गाडी थांबली. मग पुन्हा ओलांडला. शेवटी झेब्रापासून चार पावलं लांब जाऊन चष्मा पुसला.

ऑटोबानवरचा वेग बघायची माझी फार इच्छा होती. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादा नाही, ताशी १३० ही नुसती शिफारस. एक्सप्रेसवेवर शंभराची मर्यादा असलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. हायडेलबर्गला निघालो आणि फॉर्त्सहाइमजवळ ट्रॅफिक जॅममध्ये ठप्प उभे राहिलो. वेग कमी होताच डावीकडच्या लेनमधल्या गाड्या आणखी डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे लांबच लांब मोकळी वाट तयार झाली. अ‍ॅम्ब्युलन्स कुठेही दिसत नव्हती. आली तर तिला असावी म्हणून. ती वाट केली नाही तर किमान २०० युरो दंड आणि दोन गुण, जे उत्तरेला डेन्मार्कच्या सीमेवरच्या फ्लेन्सबुर्गला नोंदले जातात. असे आठ साठले की लायसन्स जातं. ती रिकामी वाट बघून माझा जीव कासावीस होत होता. आपल्याकडेही अ‍ॅम्ब्युलन्सला वाट देतात, नाही असं नाही. फक्त तिच्या मागे जे दहा स्कूटरवाले निघतात, ते नातेवाईक नसतात.

उभ्या उभ्या भाच्याने काटा दाखवला, टाकी भरलेली होती. ऑटोबानवर विनाकारण थांबायला बंदी आहे आणि पेट्रोल संपणं हे कारण धरत नाहीत. गंमत म्हणजे याच फॉर्त्सहाइमला १८८८ साली बर्था बेंझ बाई दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता त्याची नवी मोटार मानहाइमहून चालवत आल्या होत्या. वाटेत इंधन संपत आलं, तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन घेतलं. नळी तुंबली ती हॅटच्या पिनेने साफ केली. लायसन्स नव्हतं, मान वळवली होती का कोणी विचारलं नाही. त्या बाईंना पुण्यात काहीच अडचण आली नसती.

डिसेंबरात भाचा घरी येतोय. "मामा, लग्नाला जाताना गाडी मी चालवतो," असा त्याचा फोन आला. प्रत्येक चौकात उजवीकडच्याला आधी जाऊ देणार म्हणतो, १९८९च्या नियमाप्रमाणे. मी हो म्हटलंय. मुहूर्त गाठायचाय, म्हणून बाकीच्यांसाठी रिक्षा सांगून ठेवल्यात.