मासा कोणत्या खात्याचा?

भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांना सरकारी कागदात सुटसुटीत नाव आहे: मामा तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, मामा सरकारजमा झाले आणि वाटण्या झाल्या. पाणी पाटबंधाऱ्याचे नाहीतर जिल्हा परिषदेचे, मासा मत्स्यव्यवसायाचा, सारस पक्षी वन विभागाचा. पाण्याखालच्या गवताला तेवढे खाते मिळाले नाही. आणि मरळ नेमकी त्याच गवतात अंडी घालते.

मरळ जुन्या वळणाची. गवतात घरटे करते, पिल्ले हिंडती-फिरती होईतो आईबाप राखण करतात. अनुदान मागत नाही, म्हणून योजनेत बसत नाही. योजनेत बसतात रोहू, कटला, मृगळ. हे नदीचे मासे, साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांना अंडी घालायला लावले. शास्त्र थोरच. आपण त्यातून एवढेच घेतले, की दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, विकत आणायची, तलावात ओतायची आणि आकडा वर कळवायचा. किती सोडली याला रकाना आहे, तलावात काय उरले याला नाही. शिवाय परदेशातून गवत्या मासाही आणला. तो काय खातो, हे नावातच आहे.

इकडे काठावरची बेशरम नावाची वनस्पती पाण्यात पसरली. तिला मात्र कोणत्याच खात्याची हरकत नव्हती.

या तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि मासेमार ढिवर समाजाच्या बायका यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, बेशरम मुळासकट उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मग देशी मासे सोडले. कोणते गवत कोणत्या माशाच्या कामाचे, हे ढिवरांना विचारले. (विचारायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे बहुधा कोणी विचारले नसावे.) परिसंवादांत याला परिसंस्थाधारित मत्स्यव्यवस्थापन म्हणतात. त्याचे सत्र जेवणानंतर असते आणि निम्मे सभागृह पेंगत असते.

रोहू-कटला टाकूच नका, असे नाही. ठेक्याची रक्कम भरायची तर मच्छिमार संस्थेला ते लागतात. पण बाजारात मरळीला कटल्यापेक्षा चढा भाव आहे, आणि हे खात्याच्या साहेबांनाही पक्के ठाऊक आहे. तपासणीला आले की परतताना डिकीत मरळच लागते. कटला चालत नाही.