माहितीपुस्तिकाकारांस अनावृत पत्र

मदरबोर्डच्या खोक्यातल्या पुस्तिकेचे अनाम लेखक यांस,



आपली ओळख नाही. पुस्तिकेवर आपलं नाव छापलेलं नाही, आणि ते का नाही हे मला गेल्या शनिवारी रात्री पावणेदोनच्या सुमारास उमगलं. तरी लिहिते, कारण आपल्या वाङ्मयाची इतकी पारायणं डोंबिवलीत दुसऱ्या कुणी केली नसतील.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, अधूनमधून ॲनिमेशन. जुन्या मशीनला एका मिनिटाची फिल्म रेंडर करायला रात्र पुरायची नाही. म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, दणकट पीसी घ्यायचा आणि स्वतःच्या हातांनी जोडायचा. सोळा कोअरचा प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या ३२ जीबीच्या दोन स्टिक, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणून तीन पंखे लावलेली एक वीट. खरेदी लॅमिंग्टन रोडला. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचाराल तर टॅक्सीवाला आधी तुमच्याकडे बघेल. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, मालडब्यातून. कोळणी मावशींनी टोपल्या सरकवून कॅबिनेटला जागा करून दिली आणि ‘टीवी हाय का?’ म्हणून विचारलं. बोर्डचं खोकं मात्र मी सबंध प्रवास मांडीवर धरलं होतं. पंचवीस हजारांचं होतं ते.

तर आपली पुस्तिका. पहिला अर्धा भाग विजेच्या, कचऱ्याच्या आणि रेडिओलहरींच्या नियमांना वाहिलेला, तोही इतक्या भाषांत, की त्यातल्या काहींची लिपी मी मुखपृष्ठावर सजावट म्हणून वापरेन. ज्या भागात खरंच काही करायचं असतं, तिथे शब्दच नाहीत. चेहरा नसलेला एक हात, बाण, पुन्हा हात. रॅम दोनच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायची, हे आपण एका फिकट करड्या चौकोनात सुचवलंत. सॉकेटचा खटका दाबताना हाड मोडल्यासारखा आवाज येतो, तो येऊ द्यायचा असतो, हे सुचवलंही नाहीत. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मी आधी बोर्डात खुपसली. तो दोष माझा. माफ केलं.

पण शनिवार माफ होणार नाही.

रात्री साडेदहाला बटण दाबलं. पंखे फिरले. रॅमवर गणपतीतल्या तोरणासारखे रंग धावू लागले. घरातले सगळे गोळा झाले. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, काळा. बोर्डच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ या अक्षरांशेजारी एक नारिंगी दिवा लागला होता. मी आपल्याला शरण आले. पान उलटलं. त्या दिव्याचा अर्थ आपण दिला होता: मेमरी सापडत नाही, किंवा निकामी आहे.

एवढंच. पुढे पूर्णविराम.

मी बंद केलं. रॅम काढली, बसवली, चालू केलं. तीन मिनिटं थांबले. काळा. जागा बदलली. काळा. एकच स्टिक लावून पाहिली. काळा. बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढून पुन्हा घातली, काळाच. नवरा म्हणाला, ‘रेडिमेड घेतला असतास तर...’ आणि वाक्य पूर्ण न करता झोपायला गेला. म्हणूनच आमचा संसार टिकून आहे. अकरा वेळा बंद-चालू केल्यावर मला खात्री पटली, की प्रोसेसरच नीट बसलेला नाही. कूलर उतरवला, पेस्ट पुसली, खटका उघडला. पेस्टने बुळबुळीत झालेल्या बोटांतून प्रोसेसर सुटला आणि कोपऱ्यावर सॉकेटमध्ये पडला.

त्या सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात. केसांहून थोड्या जाड, सगळ्या झुकलेल्या, वारा लागलेल्या शेतासारख्या. त्यातल्या चार आडव्या झाल्या. ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटी नाही,’ हे वाक्य मला दुकानात जाण्याआधीच ऐकू येऊ लागलं.

आता ऐका, माझ्या मशीनमध्ये काय बिघडलं होतं. काहीच नाही. या रॅमशी प्रोसेसर तारांच्या जुडग्याने बोलतो, आणि एकेका तारेवरून सेकंदाला सहा अब्ज वेळा. या वेगात एका तारेवरचा निरोप शेजारणीपेक्षा जरा मागे पडला, की सगळं बेसूर. म्हणून पहिल्यांदा वीज मिळाली, की यंत्र ठरलेले नमुने लिहून परत वाचतं, वेळ आणि व्होल्टेज कणाकणाने हलवतं, आणि एकेक तार लावून घेतं. ट्रेनिंग म्हणतात त्याला. पहिल्या खेपेला कित्येक मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. गवई तंबोरा जुळवतो तेव्हा आपण मांडी घालून बसतोच की. पण तो रंगमंचावर, आपल्यादेखत जुळवतो. दिवे घालवून, दारावर ‘गायक निकामी’ अशी पाटी लावून नाही. मी अकरा वेळा त्याच्या हातातला तंबोरा ओढून घेतला. बॅटरी काढली तेव्हा तर जुळवलेलंही विसरायला लावलं.

आणि आपल्याला हे माहीत होतं! नाही म्हणू नका. ज्याने तो दिवा बसवला त्याला माहीत होतं, ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याला माहीत होतं. जुनी बॅटरी कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायची याला अर्धं पान मिळतं, आणि ‘थांबा’ या एका शब्दाला जागा मिळत नाही? कुणी वर्षभराची बचत टेबलावर मांडून बसलेलं असतं हो. दिव्याचा अर्थ सांगितलाच नसता तर मी थांबले तरी असते. आपण अर्धा सांगितलात. अर्धा अर्थ खोट्यापेक्षा वाईट.

(२०२२ साली एका कंपनीने रॅमच्या खाचांवरच कागद चिकटवला होता, किती जीबीला किती वेळ लागेल त्याचा तक्ता छापून. लोकांनी बोंब मारली, की कागद निघता निघत नाही, चिकटा राहतो. मला तो चिकटा चालला असता.)

सोमवारी लॅमिंग्टन रोडला दुसऱ्या मजल्यावरच्या एका दुरुस्तीवाल्याने यांत्रिक पेन्सिलीतलं शिसं काढलं, तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवलं आणि चारही पिना हळूच उभ्या केल्या. चारशे रुपये. मशीन चालू केलं. काळा पडदा, नारिंगी दिवा. माझा हात बटणाकडे गेला. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, ‘चला मॅडम, चहा पिऊन येऊ.’ परत आलो तेव्हा डिस्प्ले आला होता.

खरं तर पत्र इथेच कडवट संपणार होतं. पण परतीच्या गाडीत माझंच एक जुनं पुस्तक आठवलं. मुखपृष्ठकार म्हणून माझी ओळ होती. मजकूर सोळा पानी फर्म्यात बसेना, तेव्हा प्रकाशकाने जी ओळ उडवली ती माझी. हे बोर्ड करणाऱ्या बहुतेक कंपन्या तैवानच्या, म्हणजे आपणही तैपेईच्या आसपास कुठे तरी बसत असाल. आपण ते ‘थांबा’चं वाक्य लिहिलंही असेल. कुणी तरी म्हणालं असेल, पानं वाढतात, पुढे सगळ्या भाषांत फिरवावं लागेल, काढा. आणि आपण काढलंत, घरी गेलात, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या बिनचेहऱ्याच्या हाताला बाण जोडत बसलात. तो हात आपलाच तर नव्हे?

पण पुस्तिकेच्या शेवटी ‘टिपा’ अशा मथळ्याखाली दोन कोरी पानं आहेत, तेव्हा जागा नव्हती असं निदान त्यांनी म्हणू नये. तिथे मी पेनाने लिहून ठेवलं आहे: ‘पहिल्यांदा चालू केल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत डिस्प्ले येणार नाही. नारिंगी दिवा दिसला तरी बंद करू नका. चहा घ्या.’ पुढच्या आवृत्तीत खुशाल वापरा. माझी ओळ नसली तरी चालेल, सवय आहे.

कळावे. एवढंच तर हवं होतं. लोभ असावा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता. क. समोरच्या बटणाच्या त्या इवल्याशा वायरींवर अक्षरं कोण छापतं, हे आपल्याला ठाऊक असल्यास त्यांचा पत्ता कळवावा. पत्र लिहून तयार आहे.